हँडल ते सेल्फ : चार्ल्स केटरिंग

सेल्फ मार, सेल्फ घेत नाही, सेल्फ गेला वाटतं. पार्किंगमध्ये रोज सकाळी कानावर पडणारे हे शब्द. यातला सेल्फ म्हणजे सेल्फ-स्टार्टर या नावाचा अर्धा तुकडा, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यातही येत नाही. इंग्रज म्हणतो स्टार्टर, आपला गॅरेजवाला म्हणतो सेल्फ. आय.सी. इंजिनच्या पुस्तकात त्याला जेमतेम एक पान मिळतं. परीक्षेत आलाच तर शॉर्ट नोट, तीसुद्धा सहसा ऑप्शनला टाकली जाणारी. तो कुणी केला आणि कशासाठी केला याबद्दल पुस्तकात अक्षर नाही. मी सहज शोधायला गेलो आणि चार्ल्स केटरिंग या माणसात पार अडकलो. मेकॅनिकलवाल्यांनी तर त्याची ओळख करून घ्यावीच, पण इलेक्ट्रिकलवाल्यांनी जास्त, कारण मूळचा तो तुमचा.

केटरिंगचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात लाउडनव्हिल नावाचं गाव आहे, त्याच्या जवळच्या शेतावर तो जन्मला. घरची शेती, पाच भावंडं. लहानपणापासून डोळ्यांचा त्रास. थोडं वाचलं की डोकं ठणकायचं. अशा मुलाने शिक्षणाचा नाद सोडून नांगर धरला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण तो आधी खेड्यातल्या शाळेत मास्तर झाला, मग ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला. डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट टाकून घरी यावं लागलं. मग काही काळ टेलिफोनच्या लाइनवर काम. खड्डे खणायचे, खांब उभे करायचे, तारा ओढायच्या. त्या कामात तब्येतही सुधारली आणि वीज हाताला कळायला लागली. पुन्हा कॉलेजात आला. मित्र त्याला पुस्तकं वाचून दाखवायचे आणि तो ऐकून लक्षात ठेवायचा. १९०४ साली इलेक्ट्रिकलची डिग्री हातात पडली तेव्हा वय जवळजवळ २८. आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप लागला तरी नातेवाईक फोन करून चौकशा करतात, त्या मंडळींना हे वय मुद्दाम सांगावं.

पहिली नोकरी डेटन गावात, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानदाराच्या गल्ल्यावर ठेवायचं यंत्र बनवणारी ही कंपनी. मालक जॉन पॅटरसन हा माणसं तडकाफडकी कामावरून काढण्याबद्दल प्रसिद्ध होता. तिथे केटरिंगला काम मिळालं ते कॅश रजिस्टर विजेवर चालवण्याचं. तोपर्यंत दुकानदार हाताने दांडी फिरवायचा. अडचण अशी की तेवढा झटका द्यायला जी मोटर लागेल ती हिशेबाने यंत्राच्या मानाने फारच मोठी निघायची.

केटरिंगने हिशेबच वेगळा मांडला. मोटरचं रेटिंग कशावरून ठरतं? ती दिवसभर अखंड चालली तर किती तापेल यावरून. पण गल्ल्याची मोटर दिवसभर चालतेच कुठे? गिऱ्हाईक आलं, बटण दाबलं, ड्रॉवर उघडला, सेकंदभराचं काम. मग पुन्हा आराम. म्हणजे छोट्याशा मोटरवर तेवढ्यापुरता भरमसाट लोड टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला वेळच मिळत नाही. आपण इलेक्ट्रिकल मशीन्समध्ये इंटरमिटंट ड्यूटी म्हणून घोकतो ती हीच गोष्ट. १९०६ मध्ये विजेचं कॅश रजिस्टर तयार झालं. ही युक्ती लक्षात ठेवा, पुढे सगळं हिच्यावरच उभं आहे.

आता त्या काळातल्या मोटारी कशा सुरू व्हायच्या ते बघू. पुढच्या बाजूला, रेडिएटरच्या खाली एक भोक. त्यात हँडल घालायचं आणि हाताने क्रँकशाफ्ट फिरवायचा. आपल्याकडे जुन्या अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या डिकीत असं हँडल असायचं. ज्यांच्या घरी काळी-पिवळी टॅक्सी होती त्यांनी ते मारलेलं पाहिलं असेल. पण ती आपली हवा. ओहायोत किंवा डेट्रॉइटला जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली जाणं नेहमीचंच.

थंडीत इंजिनाला तीन बाजूंनी मार बसतो. ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, त्यामुळे फिरवायला जोर जास्त लागतो. पेट्रोलची वाफ नीट होत नाही आणि द्रव पेट्रोल काही पेटत नाही, म्हणून सिलिंडरमध्ये मिश्रण असूनही नसल्यासारखं. आणि सगळा धातू गार असल्याने कॉम्प्रेशनमधून मिळालेली उष्णता भिंतीच खाऊन टाकतात. म्हणजे ज्या दिवशी इंजिन सगळ्यात जास्त फिरवायला हवं, त्याच दिवशी ते फिरायला सगळ्यात अवघड. लोक काय काय उपाय करायचे! रात्री रेडिएटरचं पाणी काढून टाकायचं, नाहीतर गोठून ब्लॉक फुटायचा. सकाळी किटलीने गरम पाणी आणून भरायचं. इनटेक मॅनिफोल्डवर गरम पाण्याने भिजवलेली फडकी गुंडाळायची. रात्रभर बॉनेटखाली कंदील ठेवायचा. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत तर आणखी गंमत. तिच्या ट्रान्समिशनमधलं ऑइल घट्ट झालं की क्लच पुरता सुटायचा नाही आणि हँडल मारता मारता गाडी अंगावर यायची. म्हणून शहाणे लोक मागचं एक चाक जॅकवर उचलून मग हँडल मारायचे. आपले वडील चेतक एका बाजूला कलती करून मग किक मारायचे, त्यातलाच प्रकार, फक्त हाडं मोडण्याची सोय जास्त.

आणि हाडं खरोखरच मोडायची. स्पार्क उशिरा पडेल अशी लिव्हरने सोय करून मगच हँडल मारायचं असा नियम. ते विसरलं तर पिस्टन वर पोहोचायच्या आधीच मिश्रण पेटायचं, पिस्टन उलटा ढकलला जायचा आणि हँडल उलट्या दिशेने हातावर बसायचं. मनगटाजवळच्या हाडाच्या एका विशिष्ट फ्रॅक्चरला ऑर्थोपेडिकवाले आजही शोफर्स फ्रॅक्चर म्हणतात. ते नाव या हँडलनेच दिलेलं. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, भोवती वळवायचा नाही, ही शिकवण त्यामुळेच.

इथे एक कथा बहुतेक सगळ्या पुस्तकांत छापलेली सापडते. डेट्रॉइटच्या एका पुलावर एका बाईंची गाडी बंद पडली. मोटारींचा कारखानदार बायरन कार्टर मदतीला थांबला, हँडल उलटं फिरलं, त्याचा जबडा मोडला आणि त्यातच तो गेला. कार्टर हा कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लीलँडचा स्नेही. लीलँडला इतकं वाईट वाटलं की त्याने हँडल संपवायचं ठरवलं. कथा छान आहे, पण तारखा नीट जुळत नाहीत. ती १९१० च्या हिवाळ्यातली म्हणून सांगतात आणि कार्टर तर १९०८ मध्येच वारला होता. मला वाटतं, लीलँडला एकट्या मित्राच्या मरणाची गरज नव्हती. रोज कुणा ना कुणाचं मनगट मोडतच होतं.

लीलँड केटरिंगकडे वळला त्याला कारण होतं. कॅश रजिस्टर कंपनीतला वरिष्ठ एडवर्ड डीड्स आणि केटरिंग यांनी डीड्सच्या घरामागच्या कोठारात फावल्या वेळात उद्योग सुरू केला होता. कंपनीतले आणखी काही जण संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तिथे येऊन खपायचे. आधी त्यांनी बॅटरीवर चालणारं सुधारलेलं इग्निशन केलं आणि कॅडिलॅकने ते घेतलं. १९०९ मध्ये डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन झाली. या नावाच्या आद्याक्षरांतून बनलं डेल्को. हे नाव स्पेअर पार्टच्या दुकानात आजही दिसतं.

स्टार्टरसाठी लोकांनी आधी बरंच काही करून पाहिलं होतं. स्प्रिंग, दाबलेली हवा, ॲसिटिलीन गॅस. विजेचा विचारही झाला होता, पण साडेचार लिटरहून मोठं चार सिलिंडरचं इंजिन फिरवायला जी मोटर आणि बॅटरी लागेल ती गाडीत मावणार नाही असा सर्वसाधारण समज. केटरिंगने इथे गल्ल्याचा हिशेब लावला. इंजिन सुरू करायला काही सेकंदच लागतात. तेवढ्यापुरती छोटी मोटर ओव्हरलोड करा, मध्ये गिअर घालून टॉर्क वाढवा, इंजिन पेटलं की सोडून द्या. आणि मोटर उरलेला वेळ रिकामी कशाला बसेल? इंजिन चालू झालं की इंजिनच तिला फिरवील, मग तीच जनरेटर होऊन बॅटरी चार्ज करील आणि दिवेही लावील. सुरू करताना बॅटरीचे संच सिरीजमध्ये जोडून २४ व्होल्ट, चार्ज करताना पॅरलेलमध्ये ६ व्होल्ट. सुटी मोटर बसवणं सोपं होतं. त्याने मोटर, डायनॅमो, इग्निशन आणि दिवे यांची एकच यंत्रणा बांधली, मला वाटतं खरी कमाल ती.

१९११ च्या फेब्रुवारीत स्टार्टर लावलेली गाडी कॅडिलॅकच्या लोकांना दाखवली गेली. १९१२ च्या मॉडेलवर तो सरसकट बसवला गेला. कोठारातल्या पोरांचा बेत फक्त डिझाइन करायचा होता, कारखाना चालवायचा नव्हता. पण एवढा माल करून देणारं कुणी मिळेना, म्हणून डेल्कोला स्वतःच कारखानदार व्हावं लागलं. या विद्युत यंत्रणेबद्दल कॅडिलॅकला ब्रिटनची ड्यूअर ट्रॉफी दुसऱ्यांदा मिळाली. पेटंट मंजूर व्हायला मात्र ऑगस्ट १९१५ उजाडलं. फोर्डच्या मॉडेल टीला विजेचा स्टार्टर मिळाला तो १९१९ मध्ये, तोही आधी जादा पैसे देऊन.

याचा परिणाम फार दूरवर गेला. तोवर ज्यांच्या मनगटात जोर नाही, किंवा घरी ड्रायव्हर नाही, त्यांच्यासाठी पेट्रोलची गाडी अवघडच होती. अशी मंडळी, विशेषतः शहरातल्या बायका, बॅटरीवरच्या गाड्या घेत. हो, १९१० च्या सुमारास अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्या चांगल्या चालत होत्या! त्यांचं मोठं आकर्षण हेच की हँडल नाही. पेट्रोलच्या गाडीला सेल्फ आला आणि हे आकर्षण संपलं. पेट्रोल स्वस्त होत गेलं, लांबचे रस्ते झाले, अशी बाकीचीही कारणं होतीच. पण विजेच्या गाडीला मागे टाकण्यात एका विजेच्याच मोटरचा हात होता. आज ई-स्कूटर घेऊन कॉलेजला येणाऱ्यांनी याचा राग कुणावर धरायचा ते ठरवावं.

जरा विषयांतर करतो, कारण होस्टेलवर दर डिसेंबरात हा वाद होतोच. सकाळी गाडी उभ्या उभ्या दहा मिनिटं गरम करावी का? कार्ब्युरेटरच्या जमान्यात चोक ओढून थोडं थांबावं लागायचं, नाहीतर गाडी गचके खात बंद पडायची. आताच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तापमान पाहून ई.सी.यू. स्वतःच मिश्रण ठरवतो. ऑइल फिरायला अर्धा-एक मिनिट पुरतं. मग पहिली काही मिनिटं हळू चालवायची. नुसत्या आयडलिंगवर इंजिन फार सावकाश तापतं आणि तेवढा वेळ मिळणारं जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. आणि उठल्या उठल्या रेस देणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. कडाक्याच्या थंडीच्या देशात, जिथे पारा उणे वीस-तीसला जातो, तिथे ब्लॉक हीटरची वायर रात्रभर घरच्या प्लगला लावून ठेवतात. ती वेगळी गोष्ट. दुसरं, सेल्फ सलग दाबून धरू नका. पाच-दहा सेकंद मारा, सोडा, मोटर आणि बॅटरीला अर्धा मिनिट श्वास घेऊ द्या. ती काही सेकंदांसाठीच बनवलेली आहे, केटरिंगच्या गल्ल्यातल्या मोटरसारखी. असो.

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि पुढे जनरल मोटर्समध्ये विलीन झाली. केटरिंग श्रीमंत झाला. त्याच सुमारास त्याने शेतावरच्या घरांसाठी छोटं इंजिन, डायनॅमो आणि बॅटऱ्यांचा संच काढला, डेल्को-लाइट. ज्या खेड्यांत विजेच्या तारा पोहोचल्या नव्हत्या तिथे या संचाने दिवे लागले. कंदिलावर वाचून डोळे दुखवून घेतलेल्या मुलाने ही वस्तू करावी, हे मला फार आवडलं. १९२० पासून तो जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला आणि १९४७ पर्यंत राहिला.

तिथे त्याचं पहिलं मोठं काम साफ आपटलं. थंडीत पाणी गोठतं ना? मग पाणीच नको. सिलिंडरला तांब्याचे पंख लावून हवेने थंड होणारं इंजिन करू. रेडिएटर नाही, पंप नाही, गोठण्याची भीती नाही. तांबं उष्णता लोखंडापेक्षा कितीतरी चांगली वाहतं, म्हणजे कागदावर सगळं बरोबर. शेव्हरोलेच्या १९२३ च्या गाडीत हे इंजिन आलं. ७५९ गाड्या बनल्या, त्यातल्या शंभरेक गिऱ्हाइकांपर्यंत गेल्या आणि मग तक्रारी सुरू झाल्या. तापल्यावर इंजिनाची ताकद गळायची, ठोके पडायचे. हिवाळ्याचा प्रश्न सोडवलेल्या गाडीने उन्हाळ्यात मान टाकली. कंपनीने सगळ्या गाड्या परत बोलावल्या. केटरिंगचं म्हणणं होतं की कारखान्याच्या लोकांनी मनापासून साथ दिली नाही. त्यांचं म्हणणं, प्रयोगशाळेतली वस्तू अजून तयारच नव्हती. प्रॉडक्शन आणि डिझाइनमधलं हे भांडण आपल्याला इंडस्ट्रियल व्हिजिटला आजही ऐकायला मिळतं. केटरिंग राजीनामा द्यायला निघाला होता. अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी समजूत घालून थांबवलं.

आता जो भाग लिहितोय तो टाळता आला असता तर बरं झालं असतं, पण टाळला तर ही आरती होईल.

केटरिंगचं बॅटरी इग्निशन आलं तेव्हा लोक म्हणायला लागले की यानेच इंजिन ठोकतं. नॉकिंग. केटरिंगला हा आरोप झोंबला. त्याने थॉमस मिडग्ले नावाच्या तरुण इंजिनिअरला कामाला लावलं आणि दोघांनी दाखवून दिलं की दोष ठिणगीचा नाही, इंधनाचा आहे. यातला एक किस्सा मजेदार. बर्फ वितळायच्या आत फुलणारी एक रानवेल त्यांना आठवली. तिच्या पानांची पाठ लालसर असते. लाल रंग उष्णता लवकर शोषत असेल, म्हणून ती थंडीतही लवकर फुलत असेल. मग इंधनच लाल केलं तर? ते लवकर तापून वाफ होईल. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून आयोडीन टाकलं. नॉकिंग कमी झालं! मग खरे लाल रंग आणून टाकले, तर काहीच फरक नाही. तर्क चुकीचा, प्रयोग बरोबर. म्हणजे गुण रंगात नव्हता, आयोडीनमध्ये होता.

त्यानंतर पाच वर्षं असंख्य पदार्थ तपासून ९ डिसेंबर १९२१ ला ते टेट्राएथिल लेडपर्यंत पोहोचले. शिशाचं संयुग. गॅलनभर पेट्रोलला काही ग्रॅम पुरे. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबतं हे या दोघांना चांगलं ठाऊक होतं, त्यांनी ते करून पाहिलं होतं. पण अल्कोहोल भरपूर लागतं आणि त्यावर कुणाचं पेटंट चालत नाही. शिशावर चालतं. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्येच या पेट्रोलची विक्री सुरू झाली. मिडग्ले स्वतः त्याच सुमारास शिशाच्या विषबाधेने आजारी होता. १९२४ मध्ये इथिल कॉर्पोरेशन स्थापन झाली. नावात लेड हा शब्द नाही, याकडे लक्ष द्या. पहिला अध्यक्ष केटरिंग. त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे रसायन बनवणाऱ्या कामगारांना भ्रम व्हायला लागले, काही हिंसक झाले, पाच जण मेले, तीसहून अधिक जण हॉस्पिटलात. डेटनमध्येही मरण झालं होतं. १९२५ मध्ये विक्री थांबली, सरकारी समिती बसली, १९२६ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. शिसं विषारी असतं हे तेव्हाच्या डॉक्टरांना नव्याने कळायचं नव्हतं; अनेकांनी जाहीरपणे धोक्याची सूचना दिली होती. केटरिंग आपल्या मालाच्या बाजूने उभा राहिला.

मग पन्नासहून अधिक वर्षं जगभरच्या सायलेन्सरमधून शिसं बाहेर पडत राहिलं आणि मुलांच्या मेंदूपर्यंत पोहोचत राहिलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झालं फेब्रुवारी २००० मध्ये. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर तीच हवा खाल्ली आहे. सगळ्यात शेवटी अल्जेरियाने २०२१ मध्ये गाड्यांसाठी ते विकणं थांबवलं. म्हणजे त्या डिसेंबरच्या दिवसापासून जवळपास शंभर वर्षं. आणि आता आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. त्यावरून होस्टेलवर मायलेजची रडगाणी चालतात ती चालू द्या, पण ऑक्टेन वाढवायला अल्कोहोल चालतं हे १९२१ च्या आतच माहीत होतं.

मला केटरिंग आवडतो. त्याच्या हातातलं कसब, हिशेब उलटा मांडायची सवय, सगळं आवडतं. पण इथे त्याची बाजू घेता येत नाही. तेव्हा कुणाला कळलं नव्हतं, हा बचाव चालत नाही, कारण कामगार डोळ्यांसमोर मेले होते.

याच मिडग्लेने पुढे केटरिंगच्याच विभागासाठी फ्रिजमधला फ्रिऑन वायू शोधला. १९३० मध्ये तो जाहीर झाला तेव्हा विषारी अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइडपासून सुटका झाली म्हणून सगळे खूश. ओझोनच्या थराचं प्रकरण १९७० नंतर उघड झालं आणि १९८७ चा माँट्रियल करार करावा लागला. इथे मात्र मी दोघांना वेगळा न्याय देईन. फ्रिऑनचा धोका त्या काळात खरोखर कुणाला दिसण्यासारखा नव्हता. बाकी गाड्यांचा लवकर वाळणारा ड्यूको रंग, ज्याने आठवड्यांचं रंगकाम काही तासांवर आणलं, तोही याच विभागाचा आणि ड्यू पाँट कंपनीचा उद्योग.

रेल्वेवाल्यांसाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. १९३० च्या सुमारास डिझेल इंजिन म्हणजे अवजड धूड. केटरिंगने हलकं, टू-स्ट्रोक डिझेल करायला घेतलं. मे १९३४ मध्ये त्या इंजिनावरची बर्लिंग्टन झेफिर ही स्टीलची चकचकीत गाडी डेन्व्हरहून शिकागोला न थांबता १३ तास ५ मिनिटांत पोहोचली. हजार मैलांहून जास्त अंतर! अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांची घरघर तिथून लागली. याच घराण्यातलं ५६७ नावाचं इंजिन घडवण्यात त्याचा मुलगा युजीन होता. ५६७ म्हणजे एका सिलिंडरचे घन इंच. पुढे ६४५ आलं, मग ७१०. आणि हे ७१० तुम्ही ऐकलेलं आहे. १९९९ पासून आपल्या रेल्वेत आलेल्या डब्ल्यू.डी.जी.-४ आणि नंतरच्या डब्ल्यू.डी.पी.-४ या डिझेल इंजिनांच्या पोटात तेच, १६ सिलिंडरचं, ४००० अश्वशक्तीचं, वाराणसीला जोडणी झालेलं. अमेरिकेत या इंजिनांच्या पाण्यात सहसा अँटिफ्रीझ घालत नाहीत, म्हणून कडक थंडीत ती रात्रभर बंदच करत नाहीत, नुसती धडधडत ठेवतात. ज्याने हँडल घालवलं, त्याच्या वंशातल्या इंजिनांना थंडीने अजून सोडलेलं नाही.

त्याची बायको ऑलिव्ह. १९०५ साली लग्न झालं, तेव्हा तो कॅश रजिस्टरवर नवखा इंजिनिअर होता. १९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंग या दोघांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सर संशोधन संस्था उभी राहिली. पैसा मुख्यतः स्लोनच्या फाउंडेशनचा होता, केटरिंगने उद्योगातल्यासारखं शिस्तीचं संशोधन उभं करून द्यायची जबाबदारी घेतली. पुढच्याच वर्षी, १९४६ मध्ये, ऑलिव्ह कॅन्सरनेच गेली.

म्हातारपणी त्याला एकच वेड, गवत हिरवं का असतं. सूर्याची शक्ती पान कसं साठवतं हे कळलं तर माणसाला इंधनाची ददात राहणार नाही असा त्याचा हिशेब. त्यासाठी त्याच्या फाउंडेशनने ओहायोत प्रकाशसंश्लेषणावरची प्रयोगशाळा वर्षानुवर्षं चालवली. केमिकलच्या पोरांनी यावर वेगळा लेख लिहायला हरकत नाही. फ्लिंट गावातल्या, पूर्वी जनरल मोटर्सच्या असलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजाला १९९८ मध्ये केटरिंग युनिव्हर्सिटी हे नाव मिळालं. तिथली पोरं काही महिने वर्गात आणि काही महिने कारखान्यात काढतात. आपल्यासारखं शेवटच्या वर्षात उरकलेलं इन-प्लांट ट्रेनिंग नाही. केटरिंगचा या पद्धतीवर फार भर होता.

२५ नोव्हेंबर १९५८ ला, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो डेटनमध्येच वारला. तिथल्या वुडलँड स्मशानभूमीत त्याला ठेवलं आहे. कोठारवाला डीड्स तिथेच आहे, तडकाफडकी नोकरीवरून काढणारा पॅटरसनही तिथेच, आणि जरा पुढे राइट बंधू.